पावसाळ्यातला बुधवार, सायकलच्या दुकानातून

पहाटे साडेपाच

पावसाळ्यात टेकडीच्या मातीवर सायकल घालायची नाही, हा माझा नियम आहे आणि दुकानातून सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते. त्यामुळे जुलैअखेरच्या या बुधवारीही एआरएआय या मोटारवाहन संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्यानं वर आले, रस्ता संपतो तिथे खांबाला साखळी घालून सायकल लावली आणि वेताळाच्या देवळाकडे पायी निघाले. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. गिरिपुष्पाच्या रानात मोर ओरडत होते आणि नेहमीची चालणारी मंडळी छत्र्या मिटून काठीसारख्या टेकत येत होती.

वेताळ टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, पुणे शहरातली ही सर्वांत उंच जागा. खाली काळा खडक, त्यावर मुरूम आणि त्याच्यावर जेमतेम चार बोटं माती. ओल्या मातीत जाड टायरची चाकोरी उमटली की पुढच्या सरीचं पाणी नेमकं तिच्यातूनच धावतं आणि माती घेऊन खाली जातं. दिवाळीपर्यंत तिथे घळ पडलेली असते. मग चालणारे घळ टाळून बाजूनं चालतात, गवत तुडवलं जातं, वाट रुंदावते, पुढच्या वर्षी पाण्याला आणखी मोकळं रान मिळतं. गेलेली माती टेकडीला पुन्हा जमवायला किती वर्षं लागतील याचा अंदाजही करवत नाही.

कोरड्या दिवसांत मी इथे सायकल चालवते, पण टेकडी चालणाऱ्यांची आहे हे धरून. पहाटे इथे सत्तरी ओलांडलेली माणसं असतात, ऐकू कमी येणारी असतात, गुडघ्याचं ऑपरेशन करून नुकती चालायला लागलेली असतात. अगदी पाठीशी येऊन घंटी वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका चाकापुढेच सरकतो. घंटी लांबून वाजवायची, वीस-पंचवीस पावलं आधी, आणि एकदाच. मग वेग चालण्याइतका आणायचा आणि ‘काका, उजवीकडून येतेय हं’ असं तोंडानं सांगायचं. त्यांचं ‘ये ये’ ऐकू आलं की पुढे जायचं. अरुंद वाटेवर खालून कुणी चढत असेल, मग तो पायी असो की सायकलवर, उतरणाऱ्यानं थांबायचं. चढणाऱ्याची लय मोडली की ती पुन्हा बसवायला दम खर्चावा लागतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचा असतो. कानात काही घालायचं नाही. अंधारात डोक्यावरचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत मारायचा नाही, जमिनीकडे झुकवायचा. हे सगळं कुठे पाटीवर लिहिलेलं नाही, पण एवढं पाळलं तर वाटेवरून भांडण होण्याचं कारणच उरत नाही.

आज खाणीच्या बाजूच्या उतारावर तीन कॉलेजची मुलं भेटली. नव्या सायकली, गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरे खुललेले. एक जण मागचा ब्रेक पूर्ण दाबून घसरत खाली येत होता आणि चाकामागे तांबूस पन्हळ उमटत होती. मी हात वर केला. तो थांबून म्हणाला, ‘सॉरी काकू, बाजूला होतो.’

‘मला वाट नकोय बाळा. मागे वळून बघ.’

त्याच्याच चाकोरीतून पाण्याची बारीक धार निघाली होती. तिघेही वाकून बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी सायकली उचलल्या आणि खडकावरून चालत डांबरी रस्त्यापर्यंत आणल्या. ‘मग पावसाळाभर जायचं कुठे?’ एकानं विचारलं. प्रश्न योग्य होता. डांबरी घाट आहेत की: कात्रजचा जुना घाट, बोपदेव, अंगात दम असेल तर सिंहगडाचा चढ. उतरताना मात्र शेवाळलेली वळणं आणि दरडीचे दगड बघून. ऑक्टोबर संपला की टेकडीवर या, चांगल्या वाटा मी स्वतः दाखवते, असं सांगून त्यांना दुकानाचा पत्ता दिला.

साडेसात

सायकलची दुकानं सहसा दहाला उघडतात. आम्ही साडेसातला उघडतो, ते रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या वॉचमनसाठी. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत दुकान आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये रात्रभर जागणारी बरीच माणसं शिवणे, उत्तमनगर, वारजे या बाजूंनी सायकलनं येतात. दिवसा आठ-दहा तास दुकान बंद राहिलं तर मोटारवाल्यांचं काही बिघडत नाही. या माणसांची सायकल सकाळी बंद पडली तर त्यांना झोपेच्या वेळात तासभर पायपीट पडते. शहरातल्या सायकलींविषयी बोलताना रविवारी टोळीनं निघणारे, हेल्मेट-जर्सीवाले पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतात. मला ते हवेच आहेत. पण बाराही महिने, पाऊस असो, ऊन असो, या रस्त्यांवर सायकल टिकवून धरली आहे ती वॉचमननी, पेपर टाकणाऱ्या पोरांनी, दूधवाल्यांनी, बांधकामावरच्या गवंड्यांनी. रस्ता आखताना आधी यांचा विचार व्हायला हवा असं मी कुणालाही, कुठेही सांगायला तयार आहे.

आज पहिले आले ते वारज्याचे मामा. काळी, बावीस इंची, दांड्याची सायकल. कॅरिअरला डबा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गणवेश. ‘ताई, ब्रेक लागंना बघा. काल पुलाच्या उतारावर पाय टेकवून थांबलो.’

या सायकलींना केबल नसते. हँडलखालच्या लोखंडी सळ्या रबरी गुटके रिमवर आतून ओढतात. रिम पोलादाची, वर चकचकीत मुलामा. कोरडी असताना ठीक, पण पाणी बसलं की रबर तिच्यावर नुसतं घसरतं आणि थांबायला दुप्पट-तिप्पट अंतर लागतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर पावसात पकड बरीच बरी राहते, म्हणून नव्या सायकलींना ती असते. मामांचे गुटके झिजून पत्र्याला लागले होते. नवे घातले, सळ्यांचे स्क्रू आवळले, रिमला लागलेलं तेल रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. मग सांगितलं ते असं: उतार यायच्या आधीपासून ब्रेक हलका धरून ठेवा, म्हणजे गुटका रिमवरचं पाणी पुसत जातो आणि खरी गरज पडेल तेव्हा पकड मिळते. अचानक करकचून दाबू नका. मामांनी गल्लीत एक फेरी मारून बघितली, दोनदा थांबून पाहिलं, मान हलवली आणि गेले.

त्यांच्यामागे दोन पंक्चर. माझा मदतनीस लातूरकडचा आहे, हात अतिशय स्वच्छ. पाण्याच्या टबात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधणं, कानशीनं घासणं, सोल्युशन लावून ते पुरतं सुकू देणं, मग ठिगळ ठोकणं, हे सगळे करतात. तो त्यापुढे जाऊन टायरच्या आत हळूहळू बोट फिरवतो. बाभळीच्या काट्याचं टोक किंवा काचेचा कण आत राहिला असेल तर संध्याकाळी तेच चाक पुन्हा बसणार. पावसाळ्यात हे फार होतं, कारण ओली काच रबराला सहज कापते. त्याला मी शिकवलं, मला माझ्या गुरूंनी, अण्णांनी. अण्णांचं दुकान भाड्यानं सायकली देण्याचं होतं, तासावर. त्या काळात पुण्यात घरोघरी सायकल होती आणि ज्यांच्याकडे नसेल ते तासाभरासाठी भाड्यानं घ्यायचे.

साडेनऊ

आता येणारे गिऱ्हाईक नवी सायकल घेणारे. हे काम मला सर्वांत आवडतं आणि यातच सर्वांत जास्त वेळ जातो.

आधी वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. वडिलांना चोवीस इंची चाकांची, गिअरची सायकल हवी होती. ‘चार-पाच वर्षं बघायला नको.’ मुलीला मी त्या सायकलवर बसवलं. पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागत होती आणि ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचतच नव्हती. कपडे वाढत्या अंगाचे घेतलेले चालतात, सायकल चालत नाही: मोठ्या सायकलवर मूल घाबरतं, एकदा जोरात पडतं आणि मग ती गॅलरीत पडून राहते. वीस इंची, बिनगिअरची, हलकी सायकल काढून दिली. ब्रेकची दांडी आतल्या स्क्रूनं बोटांजवळ आणून दिली. मुलीनं गल्लीतल्या खड्ड्याला वळसा घालून परत येऊन आपण होऊन ब्रेक लावला, तेव्हा वडिलांचा विचार बदलला. दोन वर्षांनी ही परत आणा, वाजवी किमतीत घेईन आणि मोठी देईन, असं मी बिलाच्या मागे लिहून देते. लहान मुलांच्या सायकली अशा फिरत राहिल्या पाहिजेत.

त्यांच्यानंतर बँकेत काम करणाऱ्या एक बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, घर डहाणूकर कॉलनीत, शाखा डेक्कनला. शाळेत असताना सायकल चालवली, नंतर स्कूटर. आता पुन्हा सायकल हवी होती आणि इंटरनेटवर बघून त्यांनी एक निवडूनही ठेवली होती: जाड टायर, पुढे-मागे शॉक ॲब्सॉर्बर, एकवीस गिअर. मी विचारलं, ‘रोज कुठून कुठे जाणार? बरोबर काय असेल? कपडे कुठले? सायकल रात्री कुठे ठेवणार?’ सायकल निवडायची तर या चार प्रश्नांपासून. उत्तरं अशी आली: एका बाजूला चार-पाच किलोमीटर, पर्स आणि डबा, सलवार-कमीज किंवा साडी, आणि दुसरा मजला, लिफ्ट लहान.

दोन्हीकडे शॉक असलेल्या स्वस्त सायकलचा जोर त्या स्प्रिंगाच खातात. पायडल दाबलं की सायकल खाली-वर होते आणि पुढे कमी जाते. वजन दोन-तीन किलोनं वाढतं ते वेगळंच. ते रोज जिन्यावरून चढवायचं. कर्वे रस्त्याच्या खड्ड्यांना दीड इंच रुंदीचे टायर आणि त्यांत योग्य हवा पुरते. हवेचा आकडा टायरच्या अंगावरच छापलेला असतो. तेवढी हवा दर आठवड्याला भरली तर निम्मी पंक्चर होतच नाहीत, कारण हवा कमी असलेल्या टायरमध्ये खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाते.

गिअर मात्र हवेत, आणि त्याचं कारण कोथरूडचा चढ. सकाळी डेक्कनकडे रस्ता उतरता, संध्याकाळी दमून येताना तोच चढता. मामांच्या काळ्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागे १८. पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीवर छान, चढावर गुडघ्यांची परीक्षा. गिअरच्या सायकलला पुढे २४ दातांचं लहान चक्र आणि मागे २८ दातांचं मोठं लावलं तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच जाते. वेग कमी, पण पाय हलके फिरतात आणि बाई न उतरता घरी पोचतात. त्यासाठी एकवीस गिअर लागत नाहीत. पुढे एक आणि मागे सात असले तरी या शहराला भागतं, शिवाय बिघडायला पुढचा, चेन सरकवणारा डिरेलर उरत नाही.

शेवटी मी काढून दिली ती वाकड्या दांड्याची, पाय उंच न टाकता बसता येणारी, दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड, चेनवर झाकण, मागे कॅरिअर, आणि ओढणी-साडीसाठी जाळी. कंपन्या या गोष्टी काढून टाकून सायकल ‘स्पोर्टी’ करतात आणि मग आम्ही एकेक परत बसवून देतो. रोज कामावर जाणाऱ्या सायकलला मडगार्ड ही शोभेची वस्तू नव्हे. तिच्याविना जुलैत पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन कॅश काउंटरवर बसावं लागेल.

सीट बसवायला वेळ घेतला. टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली, आणि गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. बाईंना हे उंच वाटलं. ‘दोन्ही पाय टेकले पाहिजेत ना?’ बऱ्याच जणी हेच विचारतात आणि सीट खाली घेऊन महिनाभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय पायडलवर, एक रस्त्यावर. आम्ही गल्लीत त्याचाच सराव केला. मग माझी सायकल काढून त्यांच्याबरोबर कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन आले. दुकानातल्या फरशीवर फिरवून सायकल कळत नाही. ज्या रस्त्यानं जायचं त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत ती चालवून बघायला हवी. गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेवढ्या पैशांत त्यांचं चांगलं कुलूप आणि पुढचा-मागचा दिवा बसला.

साडेबारा

ओव्हरऑइलिंगला आलेली एक जुनी ॲटलस आज पुरी करायची होती. आजोबांची, आता नातू वापरणार. हरियाणातल्या सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी, एके काळी देशभर तिच्या सायकली. साहिबाबादचा तिचा कारखाना बंद झाला तो दिवस होता ३ जून २०२०, जागतिक सायकल दिन. तिचे सुटे भाग आता जुळवून लावावे लागतात, पण लागतात. मागच्या चाकाला ४० आरे, पुढच्याला ३२. त्यातले बारा गंजलेले बदलले आणि चाक स्टँडवर चढवून आउट काढायला बसले. रिम ज्या बाजूला झुकते त्याच्या समोरचा आरा पाव फेरा आवळायचा, या बाजूचा तेवढाच सैल करायचा, पुन्हा फिरवून बघायचं. घाई केली की चाक अंड्यासारखं होतं. हे काम करताना मी कुणाशी बोलत नाही आणि मदतनीसही फोन घेत नाही.

चेनविषयी मात्र येईल त्याला सांगते, कारण पावसाळ्यात सायकली मरतात त्या चेनपासून. भिजून आलात की कोरड्या फडक्यानं चेन पुसा, शिलाई मशीनचं तेल कड्याकड्यावर थेंबभर सोडा, पायडल उलटं फिरवा, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून काढा. ग्रीस थापू नका. त्याला रेती चिकटते आणि तीच दात खाते.

डबा खाऊन पंधरा मिनिटं पाठ टेकली.

अडीच

गुटके, केबल, आरे संपत आले होते, म्हणून पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडे निघाले. मोटार-टेम्पोनं माल मागवता येतो, पण आठवड्यातून एकदा तरी मी सायकलनंच जाते. रस्त्यांची स्थिती अंगाला कळली नाही तर गिऱ्हाइकाला कुठला रस्ता सुचवणार?

कर्वे रस्त्यावर मी फुटपाथच्या कडेला चिकटून चालवत नाही, हातभर जास्तच जागा सोडते. कडेला साचलेलं पाणी असतं, त्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि पावसाळी गटारांच्या काही जाळ्यांच्या फटी रस्त्याला समांतर असतात, ज्यांत बारीक टायर सरळ आत जातो. उभ्या मोटारींची दारं अचानक उघडतात. शिवाय माणूस कडेला दबून चालला की मागचा त्याला खेटून पुढे काढतो. थोडा आत, सरळ रेषेत, हात दाखवून चालला तर मागच्याला विचार करून ओलांडावं लागतं. नव्या सायकलस्वाराला हे धाडस वाटतं. मला ते सुरक्षिततेचं पहिलं काम वाटतं.

नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखालून डेक्कनला आले. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, त्यामुळे भिडे पूल पाण्याखाली आणि नदीपात्रातला रस्ता बंद. तो रस्ता बंद झाला की सायकलवाल्यांचा सोपा, सपाट मार्ग जातो आणि सगळी गर्दी वरच्या रस्त्यांवर येते. झेड पुलावरून पलीकडे गेले. तिथे मोटारींना बंदी आहे. शहरभर असे आणखी दुचाकी-सायकलींचे पूल असते तर काय झालं असतं, हे त्या पुलाच्या मधोमध नदीकडे बघताना प्रत्येक वेळी मनात येतं.

या शहरात सायकलसाठी कागदावर पुष्कळ झालं आहे. २००६ च्या सुमारास सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा कडेनं सायकल मार्ग आखले. २०१७ मध्ये महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या जाळ्याचा. त्याच सुमारास भाड्याच्या, मोबाइलनं कुलूप उघडणाऱ्या सायकली चौकाचौकात आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशाही झाल्या. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ खरोखर सुंदर झाले आहेत. तरी सायकल मार्ग म्हणून जो पट्टा आखला जातो तो पाच-पन्नास मीटरवर एखाद्या खांबाशी, पायरीशी किंवा उभ्या केलेल्या दुचाक्यांशी येऊन थांबतो. पाच किलोमीटरच्या वाटेत एका जागी उतरून सायकल उचलावी लागली की तेवढ्यासाठी माणूस तो मार्ग सोडतो. म्हणून मला लांबीच्या आकड्यांपेक्षा सलगपणा मोलाचा वाटतो. वारज्यापासून डेक्कनपर्यंत एकच अखंड मार्ग द्या, मामा आणि बँकेतल्या बाई दोघंही त्यावरून येतील.

परतताना पावसानं गाठलं. पिशव्या जड होत्या. डेक्कन जिमखाना स्थानकावर लिफ्टनं सायकल वर नेली आणि मेट्रोनं आनंदनगरला उतरले. पुणे मेट्रोत सायकल घेऊन जाता येतं आणि ही सोय जेवढी सांगावी तेवढी थोडी आहे. चढाचा भाग मेट्रोनं, सपाट भाग सायकलनं, असं आमचे काही गिऱ्हाईक करतात. डब्यात दाराशी उभं राहायचं, चाक हातानं धरायचं, ओल्या सायकलचा चिखल कुणाच्या कपड्यांना लागू द्यायचा नाही. एका आजींनी सरकून जागा करून दिली.

साडेपाच

शाळा-क्लासची पोरं, ऑफिसातून परतणारे, दिवे बसवून घेणारे. संध्याकाळी पावसात मागचा लाल दिवा नसलेली सायकल मोटारवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून ज्यांना दिवा परवडत नाही त्यांच्या मडगार्डवर आम्ही परावर्तक पट्टी फुकट चिकटवतो. क्लासच्या एका मुलाच्या सायकलला ब्रेकच नव्हता. आईला फोन लावला, सांगितलं की ब्रेक लावल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही, पैसे उद्या दिले तरी चालतील. आई म्हणाल्या, ‘ठेवून घ्या ताई, मी येते.’

आठ

हिशेब चालू असताना बँकेतल्या बाईंचा फोन आला. दुपारनंतर त्या नव्या सायकलनं शाखेत जाऊन आल्या होत्या. चढ जमला, म्हणाल्या. अडचण वेगळीच: इमारतीच्या वॉचमननं सायकल आत लावू दिली नाही, जागा मोटारींसाठी राखीव आहे म्हणाला, आणि रस्त्यावर लावायला भीती वाटते.

हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की अर्जाचा मसुदा वहीतच तयार असतो. एका मोटारीच्या जागेत सहज आठ सायकली उभ्या राहतात. जमिनीत घट्ट बसवलेला, उलट्या यू आकाराचा लोखंडी नळ हवा, म्हणजे सायकलच्या सांगाड्यालाच कुलूप लावता येतं. नुसतं पुढचं चाक अडकवायच्या स्टँडला चाक मागे राहतं आणि सायकल जाते. वर छप्पर असावं, आणि जागा वॉचमनच्या नजरेत असावी. हे सगळं फोनवर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. शाखेतल्या आणखी कुणाकुणाला सायकलनं यायचं आहे ते विचारा, मी म्हटलं, पाच सह्या असल्या की सोसायटीचे सचिव ऐकतात. त्या इमारतीचा रात्रीचा वॉचमनही सायकलनंच येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं नाव अर्जात पहिलं घाला.

उद्या साडेदहाला मी टेप घेऊन तिथे जाणार आहे, जागा मोजायला. नळ वाकवून देणारा फॅब्रिकेटर ओळखीचा आहे, त्याला आत्ताच निरोप टाकला.